वायर तोडायच्या आधी

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं पूर्ण केली तेव्हा घरातलं वायरिंग मला अंधारातही जमत होतं. स्विचबोर्ड, एमसीबी, जिन्यातला टू-वे, सगळं. त्याच जोरावर बाबांच्या 100 सीसीच्या मोटारसायकलला हात घातला आणि पहिल्याच दिवशी अडकले. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नव्हता. इंजिनाखालच्या स्विचपाशी पोचले, तर तिथे एकच वायर. दुसरी वायर शोधण्यात माझा अख्खा तास गेला. घरात फेज जाते आणि न्यूट्रल वेगळ्या वायरीने परत येते, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की इंजिनाचं धूडच परतीची वायर आहे हे सुचलंच नाही. गिअर न्यूट्रलला आला की स्विच ती एकुलती एक वायर बॉडीला टेकवतो आणि दिवा लागतो. बस, एवढंच.

चिपळूणच्या ज्या गॅरेजमध्ये नंतर मी शिकायला बसले, तिथल्या मेस्त्रींनी पहिल्या आठवड्यात मला एकच गोष्ट सांगितली, "बाय, वायर तोडू नको. आधी बघ." नवीन माणूस फॉल्ट सापडत नाही म्हणून वायर तोडतो, नवी जोडतो, टेप गुंडाळतो. चार पावसाळ्यांनी त्या गाडीत मूळ फॉल्ट एक आणि टेपखालचे फॉल्ट सात अशी अवस्था होते. आमच्याकडे कोकणात पाऊस आणि खारी हवा दोन्ही, त्यामुळे टेपच्या आत पाणी शिरलं की तांबं हिरवं पडून भुगा होतं.

शोधायचं कसं, ते एका प्रसंगातून सांगते. जुलैमध्ये बाबा परशुराम घाट उतरून घरी आले ते हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट सगळं बंद पडलेल्या गाडीवर. हेडलाइट मात्र चालू आणि किकही पहिल्या फटक्यात. हे कोडं आधी समजून घ्या. त्या जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइट आणि इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलकडून थेट एसी करंटवर चालतात, बॅटरीची गरजच नाही. म्हणूनच रेस कमी केली की हेडलाइट मिणमिणतो. बॅटरीवर चालणारं तेवढंच मेलं होतं, म्हणजे फ्यूज. नवा 10 अँपिअरचा फ्यूज लावला. हँडल डावीकडे वळवलं आणि तोही उडाला.

आता फ्यूजवर फ्यूज जाळत बसायचं नाही, आणि फ्यूजच्या जागी तार तर कधीच घालायची नाही. जाड तारेला शॉर्ट मिळाला तर अख्खं वायरिंग वितळतं आणि वर पेट्रोलची टाकी असते. मेस्त्रींनी जुना 35 वॅटचा हेडलाइटचा बल्ब काढला, त्याच्या एका फिलामेंटला दोन वायरी डाखून दिल्या आणि फ्यूजच्या दोन टोकांना जोडला. चावी फिरवली. शॉर्ट आहे तोवर बारा व्होल्ट पूर्ण त्या बल्बवर पडतात, तो झगझगीत पेटतो, पण तीन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, म्हणून काही जळत नाही. शॉर्ट सुटला की बल्ब मंद होतो किंवा विझतो. मी हँडल हळूहळू वळवत होते: सरळ, बल्ब बंद. डावीकडे, लख्ख. मग एकेक ठिकाणी वायरिंग बोटांनी हलवत गेले. हँडलच्या मानेपाशी हात लावला आणि बल्ब लुकलुकला. बाबांनी कधीतरी जास्तीचा हॉर्न लावून घेतला होता, त्याची वायर तिथे चासीला करकचून आवळली होती. प्रत्येक वळणाला घासून घासून आतली तांब्याची तार उघडी पडली होती. दहा मिनिटांचं काम. तो बल्ब मी अजून वापरते.

यातून मीटरचीही मर्यादा कळते. कुजक्या जोडातूनही मल्टिमीटर 12.5 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. तिथेच 10 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा, तो पेटणार नाही. वायरीला काम द्या, मग तिची खरी ताकद कळते. ब्रेक लाइट मंद असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं होल्डरच्या पत्र्यावर ठेवा आणि ब्रेक दाबा. आकडा शून्याच्या आसपास हवा. माझ्याकडे एका गाडीत तो 2.3 आला. दोन व्होल्ट अर्थिंगच्या रस्त्यात गडप होत होते. मागच्या मडगार्डखाली हिरव्या वायरीचा गोल जोड उघडला तर आत पांढरट-हिरवी पूड. पॉलिश पेपरने घासला, व्हॅसलीनचा हात फिरवला, दिवा नव्यासारखा.

रंगांबद्दल सावध राहा. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थ आणि काळी म्हणजे चावी चालू केल्यावरचा प्लस. यामाहात काळी म्हणजे अर्थ, आणि चावीनंतरचा प्लस तपकिरी. होंडा शिकलेल्या हाताने मी यामाहाची काळी वायर प्लस समजून हॉर्नला दिली होती. नशिबाने अर्थाला अर्थ मिळाला आणि फक्त हॉर्न वाजला नाही. उलट घडलं असतं तर फ्यूज गेला असता. तेव्हापासून रंग बघते, पण विश्वास बल्बवरच ठेवते.

आता अडचणीच्या जागा. त्यांच्यासाठी महागडं किट घेऊ नका, मी सुरुवातीला घेतलं आणि त्यातलं निम्मं आजही गंजतंय. कपलरमधून, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खोक्यातून, एक वायर बाहेर काढायची असते तेव्हा नवीन मुलं ती ओढतात आणि कपलर फोडतात. आत पितळी टर्मिनलला एक बारीक जीभ असते, ती प्लास्टिकच्या खाचेत अडकते. मोडक्या छत्रीची काडी घ्या, टोक हातोडीने चपटं करून कानशीने घासा. कपलरच्या तोंडाकडून आत सरकवून जीभ दाबा, वायर मागून अलगद येते. परत बसवण्याआधी ती जीभ टाचणीने उचलून घ्यायला विसरू नका, नाहीतर कपलर जोडताना टर्मिनल मागे ढकललं जातं आणि तुम्ही दोन दिवस "लूज कनेक्शन" शोधत बसता.

हँडलच्या पाइपातून किंवा टाकीखालून वायर ओवायची तर जुन्या क्लचची आतली तार ठेवून द्या. ती वळते पण चुरगळत नाही. आधी तार पार करा, मग वायरी तिच्या टोकाला किंचित पुढे-मागे बांधा, म्हणजे गाठ जाड होत नाही. वरून टेप, त्यावर साबण. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून भरवायचं. खाली अंधारात पडलेला नट जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाला दोरी बांधून निघतो. बॅटरीचा नट बोटांतून निसटत असेल तर पान्यात ग्रीसचा ठिपका द्या. आणि हो, बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. प्लस सोडवताना पाना चासीला टेकला तर ठिणगी उडते.

घरातल्या कामातून उरलेली एकतारी वायर गाडीत वापरू नका, थरथरीने तुटते. बारीक तारांची ऑटो वायरच घ्या. 55 वॅटचा जादा दिवा साडेचार अँपिअरच्या वर ओढतो, तो हँडलच्या स्विचवर टाकला तर स्विच वितळेल. रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पायांवर आकडे असतात: 85 आणि 86 ही त्याची कॉइल, 30 ला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, 87 वरून दिवा. फ्यूज बॅटरीच्या जवळ.

एक इशारा मात्र मनापासून. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्यूएल इंजेक्शन आहे, सेन्सर पाच व्होल्टवर चालतात. ईसीयूकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरकडे, जाणाऱ्या वायरीला तो तपासणीचा 35 वॅटचा बल्ब लावू नका. तिथे मीटरच.

शिकायला सुरुवात करायची असेल तर स्वतःच्या गाडीच्या मागच्या दिव्यापासून करा. सीट काढा, फोटो घ्या, वही आणि रंगीत पेन्सिली घेऊन एकच वायर बल्बपासून ब्रेकच्या स्विचपर्यंत, तिथून चावीपर्यंत, तिथून फ्यूजपर्यंत काढा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ग्रीसचे डाग आहेत आणि ब्रेकच्या हिरव्या-पिवळ्या वायरीसाठी दोन्ही पेन्सिली शेजारी-शेजारी फिरवलेल्या दिसतात. त्या पानाला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या.