खाऱ्या पाण्यातल्या लोखंडाचा प्रयोग : तयारी

आधी लोखंडाची एक पट्टी जास्तीची कापून घ्या, मग पुढचं वाचा. पाहायचं हे, की सोडियम नायट्राइट हे रसायन खाऱ्या पाण्यात लोखंडाचा गंज किती रोखतं; मोजायचं पट्ट्यांचं वजन किती घटतं त्यावरून.

बरण्या, चिमटा, हातमोजे, चष्मा हे सांगायला नको. पट्ट्या फॅब्रिकेशनवाल्याकडून साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे नेहमीचं लोखंड), सगळ्या एकाच तुकड्यातल्या, गॅल्वनाइज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या नकोत. पॉलिश पेपरनं घासा, अ‍ॅसिटोननं पुसा, मग बोट लावायचं नाही. नंबर ठोकून घ्या, शाई टिकत नाही. टांगायला नायलॉनचा दोरा. तांब्याची तार लावाल तर लोखंड अधिकच गंजेल. वजनाला किराण्याचा काटा चालणार नाही, हिशेब मिलिग्रॅमचा आहे. सोनाराशी बोलून ठेवा, लग्नसराईत तो उभा करत नाही.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी चालेल, पण ते समुद्राइतकं खारट नसतं. समुद्रासारखं हवं तर बॅटरीच्या पाण्यात (डिस्टिल्ड पाणी, आम्ल नव्हे) लिटरला 35 ग्रॅम मीठ. एक बरणी बिनरसायनाची. आणि ती जास्तीची पट्टी? कापली का?

सोडियम नायट्राइट टाकताना हात आखडू नका. ते लोखंडावर ऑक्साइडचा पातळ थर धरतं, मिठातलं क्लोराइड तो फोडतं. मात्रा कमी पडली की थर मोजक्या जागी फाटतो आणि सगळा मार तिथेच बसतो. वजन फारसं घटत नाही, पट्टीला मात्र खड्डे पडतात. म्हणून दोन-तीन मात्रा करा, भिंग ठेवा. दिसतं मिठासारखं, आहे विष, कुलपात ठेवा. ‘विहिरीत टाकून पाहू का जी?’ असं कोणीतरी विचारतंच. नाही!

आता त्या पट्टीचं. शेवटी गंज काढायला आम्ल लागतं : निम्मं पाणी, निम्मं तीव्र हायड्रोक्लोरिक, लिटरला 3.5 ग्रॅम हेक्सामिन (आम्लाला लोखंड कमी खाऊ देणारी पूड), 10 मिनिटं. ते गंजासोबत थोडं लोखंडही खातं. किती, हे सांगते ती जास्तीची पट्टी. ती मिठाच्या पाण्यात जातच नाही, थेट आम्लात. तिची घट बाकीच्यांतून वजा करायची. ती नसली की आम्लाचं पाप रसायनाच्या माथी. मागच्या खेपेला आमचं हेच झालं. नंतर कापू म्हणाल, तर उरलेला तुकडा तोवर भंगारवाल्याकडे गेलेला असतो. आत्ताच कापा. वजन करून कोरड्या डबीत ठेवा.

दहा-पंधरा दिवस बुडवा. काढल्यावर भरपूर धुवा, कारण नायट्राइट आम्लात गेलं तर तांबूस विषारी वायू सुटतो. आम्लाचं काम उघड्यावर, आम्ल पाण्यात ओता, उलटं नाही. मग धुणं, वाळवणं, वजन, वजाबाकी. उरलेलं पाणी नालीत नको, जवळच्या कॉलेजच्या लॅबला विचारा.