महागड्या एसयूव्हीचे टायर-अलॉय बदलताय? या चुका टाळा

डिसेंबरात स्वतःची गाडी घेऊन मनाली-स्पिती गाठायची हौस घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत चांगलीच पसरली आहे. तिच्याबरोबर विंटर टायरची चौकशीही सुरू होते आणि पहिली चूक तिथेच होते. विंटर टायरचं रबर ७ अंशांखालच्या थंडीतही मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. ठाण्यात ऐन जानेवारीतल्या पहाटेही पारा तेवढा उतरत नाही, आणि मनालीच्या आधी गुजरात-राजस्थानचं दिवसभर तापणारं डांबर आहेच. तिथे हे रबर भराभर झिजतं, वळणावर गाडी ढिली वाटते, ब्रेक मारल्यावर ती थांबायला जास्त अंतर घेते. दोन दिवसांच्या बर्फासाठी जाता-येता हजारो किलोमीटरची पकड कशाला घालवायची?

टायरवरच्या खुणाही नीट बघा. 'एम प्लस एस' (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही खूण कंपनी स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असेल, तरच तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. काही ऑल-सीझन टायरवरही हे चित्र असतं. तुमच्या मापात तसे मिळाले तर ते घ्या. पण २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे मोठ्या मापांत पर्याय मोजकेच. चौकशी दिवाळीआधीच करा.

नाही मिळाले, तर बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्या. त्या विकत घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा, कारण बऱ्याच एसयूव्हींना मोठ्या रिमवर साखळी चालत नाही, आत जागाच उरत नाही. आणि 'आपली फोर बाय फोर आहे' या भरवशावर राहू नका. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चढते, उतारावर तिला थांबवायचं काम मात्र टायरच्या पकडीवरच असतं. माझं विचाराल तर गाडी मनालीत लावावी आणि बर्फात स्थानिक ड्रायव्हरची टॅक्सी करावी.

आता इथल्या रस्त्यांकडे या. शोरूममध्ये २० इंची अलॉय बघून डोळे दिपतात, हिशोब कोणी करत नाही. व्होल्व्होच्या एक्ससी सिक्स्टीचं उदाहरण घ्या. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिम इंचांत. २३५/६० आर १८ आणि २५५/४५ आर २०, दोन्ही चाकांची एकूण उंची जवळजवळ सारखी, सुमारे ७३८ मिलिमीटर. साइडवॉल, म्हणजे ही बाजूची भिंत, मात्र १४१ वरून ११५ मिलिमीटरवर येते. गायमुख घाटातल्या पावसाळी खड्ड्यात गाडी आदळते, तेव्हा हेच गेलेले २६ मिलिमीटर आठवतात. टायरला फुगा येतो, नाहीतर रिम बेंड होते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलायचाच. कंपनीनं मान्य केलेल्या मापांपैकी सगळ्यात लहान रिम घ्या. दिसायला थोडी साधी, पण घोडबंदरला तीच टिकते.

सेकंडहँड अलॉय घेताना बोल्टवर लक्ष ठेवा. आताच्या बहुतेक बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज एसयूव्हींची मांडणी सारखीच आहे, पाच बोल्ट आणि ११२ मिलिमीटरचं वर्तुळ. त्यामुळे एकाची रिम दुसरीवर चढते. पण कंपनीच्या बोल्टची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, मर्सिडीजमध्ये गोलाकार, तर बीएमडब्ल्यूमध्ये शंकूसारखी. बैठक चुकली तर बोल्ट घट्ट वाटतो आणि धावताना सैल होतो. ऑफसेटही, म्हणजे रिम हबवर किती आत-बाहेर बसते तेही विचारा, नाहीतर चाक आत घासतं किंवा फेंडरबाहेर येतं.

'सध्या दोनच बदलू' हा काटकसरीचा विचार ऑल व्हील ड्राइव्हमध्ये महागात पडतो. पुढच्या-मागच्या चाकांच्या व्यासात फरक पडला की पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर सतत ताण येतो. किती फरक चालेल ते मॅन्युअलमध्ये असतं. रनफ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर) काढून साधे टायर घालणार असाल, तर डिकीत स्टेपनी आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा नसते. मग पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप तरी हवाच, विशेषतः आमण्याहून समृद्धीला लागणार असाल तर. रनफ्लॅट हवा गेल्यावरही साधारण ताशी ८० च्या वेगानं ८० किलोमीटर नेतो, साधा टायर नेत नाही.

साइडवॉलवरचे चार आकडेही वाचा. २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. टायरच्या खाचांची खोली कायद्यानं कमीत कमी १.६ मिलिमीटर चालत असली, तरी इथल्या पावसात ३ मिलिमीटरवरच टायर बदलावेत.

नवे टायर घालून पाम बीच रोडवर ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग बघा. मग बाहेरच्या अलॉयला हब रिंग (रिम आणि हबमधली फट भरणारी कडी) आहे का ते, आणि शेवटी रिम फिरवून बेंड. थरथर सीटमध्ये जाणवली तर मागची चाकं तपासा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर थंड टायरची हवा मोजा, मग अलाइनमेंट करून घ्या. तरीही ओढली, आणि टायर एकाच दिशेनं फिरवायचे (बाजूवर बाण असलेले) नसतील, तर पुढची दोन चाकं अदलाबदल करून घ्यायला सांगा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्येच आहे. बिल दाखवा आणि बदलून मागा.