पाने, पकडी, रॅचेट: ब्रँडची तुलना करताना या चुका टाळा

"तपारिया घेऊ, स्टॅनली घेऊ, की थोडे पैसे साठवून गेडोरे?" गॅरेज टाकायला निघालेल्या मुलांचा हा ठरलेला प्रश्न. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण अख्ख्या पेटीसाठी एकच नाव शोधलं जातं. पाना, पकड, रॅचेट (न काढता मागे-पुढे हलवून नट फिरवणारा दात्यांचा दांडा) आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) घडवायला वेगवेगळी कसबं लागतात. जर्मनीतल्या वुपरटालची क्निपेक्स ही कंपनी १८८२ पासूनची, आणि ओळखली जाते ती पकडींसाठी. आपल्या नाशिकच्या तपारियाने १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने काम सुरू केलं. तिच्या पकडी आणि स्क्रू ड्रायव्हर त्या किमतीला मी डोळे झाकून सुचवेन. पण म्हणून रॅचेटही तिथलाच घ्यायला हवा असं नाही. तुलना पान्याची पान्याशी करा आणि पकडीची पकडीशी.

पान्यावरचा शिक्का वाचून भुलू नका

'क्रोम व्हॅनेडियम' हे पोलादाच्या जातीचं नाव आहे. शंभर रुपयांच्या पान्यावरही ते असतं आणि हजाराच्याही. खरा फरक उष्णतेच्या प्रक्रियेत पडतो. चांगल्या पान्याची कठिणता रॉकवेल सी मापावर साधारण ४० ते ४५ असते. त्याहून मऊ असेल तर जबडा फाकतो, फार कडक असेल तर पाना तडकतो, आणि तडकलेल्या पान्याने बोटं फुटतात. ही कठिणता दुकानात मोजता येत नाही. जबड्याचं माप मात्र तपासता येतं. एक नवा, स्वच्छ बोल्ट खिशात घेऊन जा आणि त्याच मापाचे दोन-तीन ब्रँडचे पाने त्यावर बसवून हलवून बघा. ज्यात कमी खेळ, तो पाना चांगला. चकाकी बघू नका. क्रोमचा मुलामा जाड असेल तर उलट त्याची पोपडी सुटून हाताला कापते.

रिंग पाना आणि गोटी (नटावर टोपीसारखं बसणारं सॉकेट) उलटी करून आत जरूर पाहा. कोपऱ्यांत किंचित गोलाई दिली असेल तर जोर बोल्टच्या कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येतो. ही रचना १९६० च्या दशकात अमेरिकेच्या स्नॅप-ऑनने पेटंट घेऊन आणली. आज तशी गोटी मध्यम किमतीच्या ब्रँडमध्येही मिळते. बारा कोनी गोटी अरुंद जागेत पटकन बसते, पण गंजलेल्या किंवा अर्धवट घासलेल्या बोल्टला सहा कोनीच हवी. दोन ब्रँड तोलताना एकाची सहा कोनी आणि दुसऱ्याची बारा कोनी घेतली, तर त्या तुलनेला काही अर्थ नाही.

पाना घसरतोय? आधी हे तपासा

दोष दर वेळी ब्रँडचा नसतो. बोल्टच्या डोक्यावर रंग किंवा चिखल साचला असेल तर पाना पूर्ण बसत नाही. तारेच्या ब्रशने साफ करा, मग जोर लावा. मापाचा घोळही नेहमीचा. ८ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टला जपानी वळणाच्या गाड्यांवर, म्हणजे होंडा, यामाहा, सुझुकी, मारुतीवर बहुधा १२ चं डोकं असतं. युरोपीय गाड्यांवर तेच १३ चं. १२ च्या डोक्यावर १३ चा पाना चढतो, आणि कोपरे खाऊन मोकळा होतो.

फुल्लीच्या स्क्रूचं दुखणं याहून मोठं. जपानी वळणाच्या गाड्यांवर कार्बोरेटरचे, ब्रेकच्या टाकीच्या झाकणाचे स्क्रू बहुधा जपानी प्रमाणाचे असतात. डोक्यावर छोटा ठिपका असेल तर ती त्यांची खूण. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यांच्यात खोल बसत नाही, वर उचलला जातो आणि फुल्ली झिजते. इथे महागडा अमेरिकन ड्रायव्हरही हरतो, आणि जपानच्या व्हेसलसारख्या ब्रँडचा जपानी टोकाचा ड्रायव्हर सहज काम करतो. दुचाकीवाल्यांनी तर हा एक ड्रायव्हर घ्यायलाच हवा.

रॅचेट दाते सोडत असेल तर तो फेकू नका. उघडा, रॉकेलने धुवा, आतली जीभ आणि स्प्रिंग बघा, हलकं तेल द्या. जाड ग्रीस भरलं तर जीभ चिकटते. विकत घेताना दात्यांची संख्या विचारा. २४ दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता धरायला १५ अंश फिरायला लागतं, ७२ दात्यांच्याला ५ अंश. इंजिनच्या कोनाड्यात हाच फरक कामाला येतो. पण जाम नट सोडवायला रॅचेटमध्ये पाइप घालू नका. त्यासाठी लांब टॉमी किंवा ब्रेकर बार, म्हणजे दाते नसलेला भक्कम दांडा आहे.

सेटचा आकडा आणि टॉर्कचा पट्टा

६-७ पासून ३०-३२ पर्यंतचा, दोन्ही टोकांना वेगळं माप असलेल्या पान्यांचा बारा नगांचा सेट स्वस्त पडतो, पण दुचाकीच्या गॅरेजात २५-२८ क्वचितच हाती येतो. आणि बोल्ट धरून नट फिरवायचा झाला की १० चे दोन पाने एकदम लागतात. तेच पैसे १०, १२, १४ च्या जादा कॉम्बिनेशन पान्यांत (एका टोकाला उघडा जबडा, दुसऱ्याला रिंग) घाला.

टॉर्क रेंचमध्ये अचूकतेआधी पट्टा, म्हणजे तो किती ते किती जोरापर्यंत चालतो ते पाहा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर लागतात. ४० ते २०० चा अर्धा इंची रेंच कितीही नामांकित असला तरी तिथे आटे उडवणार. काम झाल्यावर क्लिकचा (ठरवलेला जोर आला की 'टक' वाजणारा) रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि वर्षातून एकदा तपासून घ्या. इम्पॅक्ट गनवर, म्हणजे ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्रावर, चकचकीत क्रोमची गोटी कधीच लावू नका. ती फुटून डोळ्यात जाऊ शकते. त्यासाठी काळी, जाड भिंतीची इम्पॅक्ट गोटीच हवी.

राहिली आयुष्यभराची वॉरंटी. अमेरिकेत स्नॅप-ऑनची गाडी गॅरेजच्या दारात येते, म्हणून तिथे ती कामी येते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा तुमच्या तालुक्याच्या दुकानात विचारायचा प्रश्न वेगळा: तुटला तर इथल्या इथे बदलून देणार का, आणि कशा प्रकारची मोडतोड धरणार नाही? उत्तर बिलावर लिहून घ्या, आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई उडून जाते.