मिरचीचं तेल करायला घेताय? आधी झाकणातला वायसर काढा

तेल, मिरची सगळं नंतर, आधी बरणीचं झाकण. आदल्या दिवशीच बरणी धुवून ठेवा आणि झाकणाच्या आत जो रबरी वायसर असतो तो सुरीच्या टोकाने उचकटून बाहेर काढा, वेगळा धुवा, वेगळा वाळवा. पुसलेलं झाकण वरून कोरडं दिसतं पण वायसरखाली पाणी तसंच बसून असतं. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं आणि बरणीच्या गळ्याशी चिकटलेल्या मिरचीवर पांढरी बुरशी धरली, अख्खी बरणी फेकावी लागली. बरणी रात्रभर पालथी ठेवली म्हणजे झालं असं समजू नका, सकाळी उन्हात ठेवा.

मिरची दोन प्रकारची घ्या, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी. नुसत्या ब्याडगीचं तेल लालभडक दिसतं पण जिभेला काही लागत नाही. मिरची कानाशी हलवून बघा, आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. दुकानातली ब्याडगी जरा मऊ, वाकणारी असते, चालेल, पण घरी आणून कटकन मोडेपर्यंत ऊन द्या. पावसाळ्यात ऊन नाही तर तव्यावर अगदी मंद आचेवर परता, काळी पडू देऊ नका, काळी पडली की कडू झालीच. देठ काढा. मिक्सरला थांबून थांबून फिरवून भरड करा, पूड नको, पूड गरम तेलात पडताक्षणी करपते आणि तळाशी गाळ होऊन बसते. आणि हो, मिक्सरचं भांडंसुद्धा कोरडं, पात्याखाली बोट फिरवून बघा, तिथेही पाणी अडकतं, वायसरसारखंच.

तेल शेंगदाण्याचं, ताजं. भजी तळलेलं उरलंय म्हणून ते वापरायचं नाही. 300 मिली तेलाला 50 ग्रॅम भरड पुरते.

आता लसूण. सगळे विचारतात म्हणून स्पष्ट लिहिते: ताजा लसूण तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवायची नाही, कधीच नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात ओल असते, आणि बोटुलिझमच्या, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या, जंतूंना नेमकं तेच लागतं. त्यांचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत आणि विष तयार झालं तरी तेलाला ना वास येतो ना चव बदलते, म्हणजे हुंगून काही कळणार नाही. 1985 साली कॅनडात व्हँकूव्हरला तेलातल्या लसणामुळे 36 जण आजारी पडले होते. लसणाची चव हवीच असेल तर वाळलेल्या लसणाची पूड घाला, किंवा ताजा लसूण घातलेलं तेल थोडंसंच करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा, उरलं तर टाकून द्या. मी घालत नाही. दालचिनी, तमालपत्र, बडीशेप एवढं बास होतं.

करायला घेण्याआधी खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, लहान मुलांना बाहेरच्या खोलीत बसवा, ठसका लागतोच. हातमोजे घाला. नसतील तर काम झाल्यावर हाताला आधी गोडंतेल चोळा आणि मग साबणाने धुवा, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी लेन्सला हात लावूच नका.

भरड, तीळ आणि मीठ स्टीलच्या मोठ्या पातेल्यात, मोठ्याच, कारण तेल फसफसून वर येतं. पातेलं, झारा, गाळणी सगळं कोरडं, गाळणीची जाळी फुंकर मारून बघा. तेलात खडे मसाले घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, धूर येऊ द्यायचा नाही, मग मसाले काढून टाका. भरडीचा एक तुकडा टाकून बघा, लगेच फसफसला आणि लालच राहिला तर बरोबर, काळा झाला तर गॅस बंद करून थांबा. घाई करू नका, इथेच सगळ्यांचं बिघडतं. तेल पातेल्यातल्या भरडीवर तीन वेळात ओता, दर वेळी हलवा.

पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट भरून झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि परत पाणी आलंच. वायसर बसवण्याआधी त्याची खाच एकदा कोरड्या फडक्याने पुसा, वाळली असली तरी पुसा. बरणी फ्रिजमध्ये, चमचा कोरडा, ओला चमचा घालणाऱ्याला घरात आधीच सांगून ठेवा. थंडीने तेल थिजलं तर घाबरू नका. रंग दुसऱ्या दिवशी नीट उतरतो. मिसळीवर, थालीपिठावर, दहीभातावर, कशावरही घ्या, महिन्याभरात संपवा.