योहान पॅशनमधला एव्हांगेलिस्ट: भूमिका बसवायची कशी

बाखच्या योहान पॅशनमध्ये, म्हणजे येशूच्या अटकेपासून मरणापर्यंतची कथा गाऊन सांगणाऱ्या रचनेत, एव्हांगेलिस्टच्या (निवेदकाच्या) वाट्याला गुणगुणता येईल अशी चाल जवळपास नाही, पण सगळी कथा तोच पुढे नेतो. योहानाच्या शुभवर्तमानाचे १८ आणि १९ हे अध्याय, ल्यूथरच्या जर्मनमध्ये, सुमारे दोन तासांच्या कार्यक्रमात तुकड्यातुकड्यांनी सांगायचे. येशू, पेत्र, पिलात यांचे संवाद वेगळे गायक गातात. मधलं निवेदन टेनरचं, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष आवाजाचं. कीर्तनातलं आख्यान ऐकलेल्या माणसाला हे काम लगेच कळेल, फक्त कीर्तनकार पात्रंही स्वतःच वठवतो. इथे तो मोह आवरायचा.

आधी प्रत निवडा. बेरेनरायटरची आवृत्ती, म्हणजे आर्थर मेंडेल यांनी संपादित केलेल्या 'नव्या बाख आवृत्ती'चा मजकूर, आज बहुतेक ठिकाणी चालतो. तिच्यात ४० क्रमांक आहेत. जुन्या प्रतींमध्ये तेच काम ६८ क्रमांकांत मोडलेलं असतं, त्यामुळे तालमीत कंडक्टरने 'क्रमांक १८' म्हटलं की दोन गायक दोन वेगळ्या पानांवर जातात. आपल्या प्रतीत दोन्ही क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवा.

कोणती संहिता होणार, हेही पहिल्याच दिवशी विचारा. पहिला प्रयोग ७ एप्रिल १७२४, गुड फ्रायडे, लाइप्झिगचं निकोलाय चर्च. पुढल्याच वर्षी बाखने त्यातले काही एरिया (कथेच्या मधली एकल गाणी) बदलले: 'आख, माइन झिन' आणि 'एरवेगे' हे दोन्ही टेनर एरिया १७२५ मध्ये काढून तिथे दुसरे घातले. १७३९ च्या सुमारास त्याने सगळं नव्याने स्वच्छ लिहायला घेतलं आणि दहाव्या क्रमांकात हात थांबवला. म्हणून पहिल्या दहा क्रमांकांत छापील स्वर आणि त्याच्या हयातीत प्रत्यक्ष गायले गेलेले स्वर काही जागी जुळत नाहीत. चांगल्या आवृत्तीत हे फरक नोंदवलेले असतात. ते न वाचता पाठांतर केलं, तर नंतर उलगडून पुन्हा शिकावं लागतं, आणि उलगडणं शिकण्यापेक्षा अवघड.

पहिले दहा-बारा दिवस गाऊ नका. मजकूर हाताने लिहून काढा, प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ लिहा, प्रत्येक वाक्यात आघात येणाऱ्या अक्षराखाली रेघ मारा आणि मोठ्याने वाचा. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच, पण जोर त्याच्यावर नसतो. क्रमांक ३६ मध्ये 'डीवाइल एस डेर र्‍युस्टटाक वार' (तो तयारीचा दिवस होता म्हणून) यात जोर 'र्‍युस्ट'वर, 'वार' हलका. मराठी कानाला वाक्याचा शेवट दाबायची सवय असते; ती इथे ऐकू येते.

उच्चारांत मराठी माणसाला काही गोष्टी फुकट मिळतात. जर्मन 'झेड' म्हणजे 'चाक', 'चोर' यांतला दंत्य च. अडचण ए किंवा ई पुढे आली की होते, कारण तिथे आपली जीभ आपोआप 'चेहरा'तल्या तालव्य चकडे जाते. मंदिराचा पडदा फाटतो तिथला शब्द 'त्सेररिस' आहे, 'चेरिस' नाही. गाताना जर्मन र जिभेच्या टोकाने फिरवला जातो, तो आपला र. पण ट आपल्या ट-सारखा मूर्धन्य नाही आणि त-सारखा दातांवरही नाही. जीभ दातांमागच्या हिरडीवर ठेवा. शब्दाच्या शेवटचे ब, ड, ग हे प, ट, क होतात: 'फेरशीट', फेरशीड नव्हे. 'बिटरलिश'च्या शेवटी खरं तर श नसतो. य म्हणायला जीभ ठेवा आणि फक्त हवा सोडा. 'म्योर्डर'मधल्या स्वरासाठी ओठ ओ-सारखे गोल, आत ए.

मग सूर. तानपुऱ्यावर वाढलेल्या गळ्याला इथे खरा त्रास होतो, कारण या निवेदनात सा टिकत नाही, दर दोन-तीन मात्रांनी सरकतो. उपाय साधा: डाव्या हाताने फक्त बासचा, म्हणजे साथीतला सगळ्यांत खालचा, स्वर वाजवा आणि त्याच्यासोबत छापलेला आकडा वाचा; वर कोणते स्वर येतात ते तो सांगतो. आकडा ६ असेल, तर बास हा सा नसून ग आहे. म्हणजे बास पांढरी तीन आणि आकडा ६ असेल, तर खाली-वर पांढरी तीन, पाच आणि एक. घर पांढरी एक. ४-२ असा आकडा आला की बास पुढे एक पायरी खाली उतरणार हे धरून चाला. रोज एकच क्रमांक असा सोडवा. हे न करता रेकॉर्डिंग ऐकून पाठ केलेला गायक एकट्याने बरोबर गातो आणि ऑर्गनसमोर सरकतो.

लय चार मात्रांत लिहिलेली असली तरी मोजून गायची नाही, मात्र अर्ध्या आणि पाव मात्रेच्या स्वरांमधलं प्रमाण मोडायचंही नाही. वाक्याच्या मधली छोटी विश्रांती विरामचिन्हासारखी असते, श्वासाची जागा असतेच असं नाही. वाक्य संपताना दोन सारखे स्वर आले तर पहिला एक पायरी वरून घेण्याची तेव्हा रीत होती. बाखचा समकालीन संगीतकार टेलेमान याने १७२५ च्या सुमारास छापलेल्या एका संग्रहाच्या प्रस्तावनेत ती स्वर लिहून दाखवली आहे. बाख असे स्वर पुष्कळदा स्वतःच लिहून देतो, म्हणून सगळीकडे ते घालत सुटणं आम्हाला पटत नाही.

तीन जागांना वेगळा वेळ द्या. क्रमांक १२सी मधलं 'वाइनेटे बिटरलिश', पेत्राचं रडणं. हे वाक्य योहानाचं नाही, बाखने मत्तयाकडून आणलं आहे, आणि तिसऱ्या संहितेत त्याने ते वगळलंही होतं. इथली ओळ अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी घसरते. प्रत्येक पायरी स्वतंत्र सुरात लागली पाहिजे. हुंदका घातला की सूर उतरतो आणि दुःखही जातं. दुसरी जागा १८सी, 'गाइसेल्टे', फटक्यांची लांब तान. एका 'गाइ' अक्षरावर ती ओढायची असते, तेव्हा आ धरा आणि इ अगदी शेवटी लावा. निम्म्या लयीत, गटागटाने, आधी 'आ'वर घासा. तिसरी क्रमांक ३१: येशू प्राण सोडतो ते वाक्य. ते जेमतेम काही शब्दांचं असतं आणि बहुतेक जण ते फार हळू करतात. आधीचा आल्टो (खालच्या पट्टीच्या स्त्री आवाजाचा) एरिया पुरेसा संथ आहे. इथे नुसतं सांगा.

एरियाही तुमच्याकडेच असतील, तर आधी हिशोब मांडा. बाखच्या काळी एकच टेनर निवेदन, एरिया आणि कोरस गात असे. आज कामं बहुधा वाटून देतात, कारण पेत्राच्या रडण्याला लागूनच 'आख, माइन झिन' येतो आणि श्वास सावरायला वेळ मिळत नाही. दोन्ही करायचं तर १२सी आणि १३ हे सलगच तालमीत घ्या, कधीही तोडून नाही.

पट्टी विचारायला विसरू नका. जुन्या वाद्यांचा संच असेल तर ए हा स्वर (पांढरी सहा) ४१५ हर्ट्झला असतो, म्हणजे पांढरी सहाच्या जागी काळी चार. आधुनिक वाद्यांवर ४४०. अर्ध्या स्वराचा हा फरक गळ्याला दोन तासांनी कळतो. दोन्ही पट्ट्यांत प्रत्येकी एक पूर्ण फेरी घरी करून पाहा.

शेवटचे आठ दिवस चेलो आणि ऑर्गन वाजवणाऱ्यांसोबत. दोन गोष्टी ठरवा: बासचे लांब स्वर धरायचे की तोडायचे, आणि समाप्तीचे दोन स्वरमेळ (कॉर्ड) तुमच्या शेवटच्या स्वराखाली येतील की नंतर. मत्तय पॅशनमध्ये बाखच्या स्कोरमध्ये लांब स्वर आहेत, वादकांच्या पानांत आखूड. वाद तिथूनच सुरू होतो. जर्मन टेनर पीटर श्रायर स्वतः एव्हांगेलिस्ट गात असतानाच संचालनही करत. ते न करणाऱ्यांनी चेलोवादकाची नजर पकडता येईल अशी जागा मागून घ्यावी. 'श्प्राख' ('म्हणाला') म्हणून झालं की थांबू नका आणि मान खाली घालू नका. पुढच्या गायकाकडे पाहा, तो त्याच श्वासावर उचलतो.