बर्बन कशी प्यावी: आपली चव शोधण्याची एक संध्याकाळ

कामानिमित्त मी दोन वर्षं अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिलला होतो. तिथे पोहोचलो त्याच आठवड्यात एकाने बजावलं की बर्बनमध्ये, म्हणजे तिकडच्या मक्याच्या व्हिस्कीत, पाणी घालणं म्हणजे तिचा अपमान. म्हणून मी 60 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली, पिंपातून काढून तशीच बाटलीत भरलेली बर्बन कोरी घेतली, तीही मोठ्या घोटाने. डोळ्यांत पाणी आलं, जीभ बधिर झाली आणि पुढचा तासभर कशाचीच चव लागली नाही.

नंतर एका संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी त्यांच्या ओसरीवर बोलावलं. त्यांच्यापुढे बर्बनचा पेला, पाण्याचा लहान जग आणि एक चहाचा चमचा होता. पहिला घोट त्यांनी कोराच घेतला आणि घास चावावा तसा जबडा हलवत तोंडभर फिरवला. या पद्धतीला तिकडे ‘केंटकी च्यू’ म्हणतात. प्रसिद्ध बर्बन बनवणारे जिम बीम यांचे नातू बुकर नो असेच प्यायचे आणि त्यांच्यामुळेच ती पद्धत सगळीकडे माहीत झाली. मग आजोबांनी पेल्यात एक चमचा पाणी घातलं, घोट घेतला. पुन्हा चमचा, पुन्हा घोट. तिसऱ्या चमच्याला त्यांनी जग बाजूला सरकवला. त्यांची जागा सापडली होती.

त्या दिवशी मला कळलं की कोरी, पाणी, बर्फ, सोडा ही सगळी एकाच गोष्टीची रूपं आहेत. पेल्यातली बर्बन किती तीव्र ठेवायची, एवढाच खरा प्रश्न असतो. कुठल्या तीव्रतेला आपल्या जिभेला सगळ्यात जास्त चव कळते हे एकदा समजलं की बाकीचं ठरवणं सोपं जातं. ती जागा शोधायची पद्धत खाली देतो. एक संध्याकाळ आणि एक लार्ज, म्हणजे 60 मिली, एवढ्यात काम होतं.

सुरू करण्याआधी एक सांगतो. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची 25 वर्षं पूर्ण असावी लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. त्या संध्याकाळी गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. आणि जे पीत नाहीत त्यांनी या लेखामुळे सुरू करायची काहीच गरज नाही.

पहिली पायरी: बाटली वाचा

बर्बन म्हटलं की आपल्याकडे आधी बिस्किट आठवतं. त्या बिस्किटात व्हिस्की नसते. नावाचं मूळ तेवढं दोन्हीकडे फ्रान्सच्या बूर्बों राजघराण्याकडे जातं.

व्हिस्कीला बर्बन म्हणायचं तर अमेरिकेचा कायदा काही अटी घालतो. ती अमेरिकेत बनलेली हवी. धान्यात किमान 51 टक्के मका हवा. ती ओकच्या लाकडाच्या नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपात मुरलेली हवी. पिंपात भरताना अल्कोहोल 62.5 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि बाटलीत 40 टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. वरून रंग किंवा स्वाद घालता येत नाही. बर्बन गोडसर लागते, पण त्यात साखर घातलेली नसते. जळलेल्या लाकडात साखरेचं जे कॅरमल होतं, त्याची ती चव आहे. केंटकीतला उन्हाळा कडक आणि थंडीही चांगलीच. गरमीत व्हिस्की लाकडात शिरते, गारव्यात बाहेर येते, आणि असं वर्षानुवर्षं चालतं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, म्हणून ती पिंपं जगभर विकली जातात. गोव्यातली पॉल जॉन सिंगल माल्ट अशाच बर्बनच्या रिकाम्या पिंपांत मुरते.

लेबलवर दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे टक्के. अमेरिकेत ‘प्रूफ’ हा आकडा टक्क्यांच्या दुप्पट असतो, म्हणजे 90 प्रूफची बर्बन 45 टक्के. इथे आपली गफलत होते, कारण भारतात प्रूफ मोजायची जुनी ब्रिटिश पद्धत चालत आली आहे. आपल्या 42.8 टक्क्यांच्या बाटलीवरचं ‘75 डिग्री प्रूफ’ हे अमेरिकेच्या 80 प्रूफपेक्षा थोडं कडकच असतं. त्यामुळे प्रूफच्या भानगडीत न पडता टक्केच वाचावेत.

दुसरी गोष्ट धान्याची. मक्याबरोबर बहुतेक बर्बनमध्ये राय हे गव्हासारखं धान्य आणि मोड आणून वाळवलेले जव असतात. राय जास्त असेल तर मिरी-दालचिनीसारखा झणका येतो. बुलेट ही बर्बन त्या जातीची. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असतो, त्यामुळे ती मऊ लागते. पहिल्या प्रयोगासाठी मी 45 टक्क्यांच्या आसपासची बाटली सुचवेन. 40 टक्क्यांच्या बर्बनमध्ये पाणी घालून बघायला फारशी जागा उरत नाही, आणि 60 टक्क्यांचं काय होतं ते वर सांगितलंच.

किमतीचंही सांगायला हवं. फेब्रुवारी 2025 मध्ये भारताने बर्बनवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणलं. तरीही आपल्याकडे ती स्वस्त नाही. म्हणून पूर्ण बाटली घेण्याआधी मित्राकडून थोडी मिळाली तर तीच वापरा.

दुसरी पायरी: घर आणि जीभ तयार ठेवा

ज्या खोलीत बसणार तिथे उदबत्ती नको, रूम फ्रेशनर नको. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडली असेल तर अर्धा तास थांबा. आधीच्या दोन तासांत तिखट, पान, बडीशेप टाळा. पोट रिकामं नको. साधा वरणभात खाऊन बसलात तर उत्तम.

चार सारखे पेले घ्या. खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळते असतील तर वास नीट साठतो. ग्लेनकेर्नचे ग्लास याचसाठी बनवलेले असतात, पण घरातले वाइनचे ग्लासही छान चालतात. पाणी चवीला सपाट हवं. बोअरवेलचं क्षार असलेलं पाणी चव बिघडवतं.

बर्फ आदल्या रात्रीच लावा. पाणी उकळून गार करा आणि स्टीलच्या छोट्या वाटीत, झाकण ठेवून गोठवा. झाकण विसरलात तर फ्रीजरमधल्या सुरमईचा वास बर्फात उतरतो. वाटीतला मोठा तुकडा ट्रेमधल्या चौकोनी खड्यांपेक्षा बराच हळू वितळतो.

तिसरी पायरी: चार पेले, प्रत्येकी 15 मिली

*पहिला पेला, कोरी.* ओतल्यावर पाच मिनिटं तशीच राहू द्या. वास घेताना नाक एकदम आत खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून पेला हनुवटीपाशी धरा आणि हळूहळू वर आणा. असं केलं की अल्कोहोलचा झणका नाकात जात नाही. पहिला घोट अगदी लहान घ्या. तो जिभेची ओळख करून देण्यापुरता असतो, त्यावरून काही ठरवू नका. दुसरा घोट आजोबांसारखा चावून बघा. गिळल्यावर छातीत ऊब पसरते, तिला तिकडचे लोक ‘केंटकी हग’ म्हणतात. ती ऊब सुखाची वाटते की जाळ वाटतो, ते लिहून ठेवा.

चवीला शब्द आपल्याच घरातले वापरा. टॉफी, बटरस्कॉच असं कुणी म्हणतं म्हणून तेच लागलं पाहिजे असं नाही. मला बर्बनमध्ये काकवी लागते, शेंगदाण्याची चिक्की लागते, कधी जायफळ, कधी खारीक. सुक्या खोबऱ्याचा वास तर बऱ्याच बाटल्यांत येतो, आणि तो मनाचा खेळ नाही. ओकमध्ये खोबऱ्यासारखा वास देणारे घटक खरोखरच असतात.

*दुसरा पेला, पाणी.* या पेल्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. चहाचा चमचा साधारण 5 मिलीचा धरा. 45 टक्क्यांच्या 15 मिलीमध्ये अर्धा चमचा पाणी घातलं की तीव्रता साडेअडतीस टक्क्यांच्या आसपास येते. एक चमचा झाला की सुमारे 34, तीन चमचे झाले की साडेबावीस. दर अर्ध्या चमच्याला थांबा, वास घ्या, अगदी थेंबभर चाखा. एका टप्प्यावर जळजळ मागे हटते आणि गोडवा, मसाला, लाकूड वेगवेगळे कळू लागतात. त्यानंतर आणखी पाणी घातलं की सगळं पातळ, ओल्या पुठ्ठ्यासारखं होतं. तो टप्पा कुठे आला त्याचा आकडा लिहा. माझा 38 च्या जवळ आहे. माझ्या पत्नीचा 30 च्याही खाली आहे आणि वासातलं तिला माझ्याहून जास्त कळतं.

पाण्याने वास उमलतो याला आधारही आहे. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर प्रारूप मांडून ग्वायकॉल या धुरकट वासाच्या घटकाचा अभ्यास केला. मिश्रण फार तीव्र असलं की हा घटक आत दडून राहतो, पाणी वाढलं की तो पृष्ठभागाजवळ येतो, असं त्यांना दिसलं. केंटकीत तर ‘बर्बन अँड ब्रँच’ हा जुना शब्दप्रयोग आहे. ब्रँच म्हणजे ओढ्याचं पाणी. तिथल्या चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्यात लोह नसतं, म्हणून ते व्हिस्कीला मानवतं. अपमानाची गोष्ट करणाऱ्यांना हे सांगावं.

*तिसरा पेला, बर्फ.* वाटीतला तुकडा टाका, घड्याळ लावा आणि लगेच, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी असे तीन घोट घ्या. गारव्याने जळजळ कमी होते, पण वासही मिटतो. पहिल्या घोटाला बर्बन बंद झाल्यासारखी वाटते, मग बर्फ वितळेल तशी बदलत जाते. ज्यांना ही बदलती चव आवडते त्यांच्यासाठी बर्फ चांगला. मला स्वतःला एकच जागा धरून बसायला आवडतं, त्यामुळे मी बर्फ फक्त एप्रिल-मेमध्ये घेतो.

*चौथा पेला, सोडा किंवा कोला.* 15 मिलीला 45 मिली गार सोडा घातला की तीव्रता सव्वाअकरा टक्क्यांवर, म्हणजे वाइनच्या पातळीला येते. रायवाल्या बर्बनचा मसाला सोड्यातही टिकतो, गव्हाची मात्र त्यात हरवते. कोल्यात सगळ्यावर साखर चढते. त्यासाठी महागडी बाटली उघडू नये असं माझं मत आहे, पण 40 टक्क्यांची साधी जिम बीम, कोला आणि लिंबाची फोड हे मिश्रण मी आवडीने पितो आणि ते लपवत नाही.

चार पेल्यांच्या मध्ये साधं पाणी पीत राहा. चारही संपवायलाच हवेत असंही नाही.

चौथी पायरी: वेगळ्या दिवशी पुन्हा

एका संध्याकाळचा आकडा पक्का नसतो. सर्दी असली, दमलेले असलात, उकाडा असला की जीभ वेगळं सांगते. आठवड्याने तीच बाटली पुन्हा तशीच चाखा. दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तर तो तुमचा. मग तो कुठल्याही बाटलीला लावता येतो. उदाहरणार्थ, वाइल्ड टर्की 101 ही 50.5 टक्क्यांची आहे. तिच्या 30 मिलीमध्ये दोन चमचे पाणी घातलं की ती 38 च्या जवळ येते, म्हणजे मला हवी तिथे.

रिकामे पेले रात्री धुवू नका. सकाळी अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाशी फक्त लाकूड नि जळक्या साखरेचा वास उरतो. काल जे नेमकं ओळखू आलं नव्हतं ते अनेकदा तिथे सापडतं.

चखणा आणि ओल्ड फॅशन्ड

मसाला पापड, शेव, चकली हा आपला नेहमीचा चखणा बर्बनच्या चवीवर मात करतो, कारण तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात. खारे शेंगदाणे, भाजलेले काजू, चिक्की किंवा कडवट चॉकलेट घ्या. तिखट खायचंच असेल तर सोड्यातून प्या.

एखाद्या दिवशी ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल करून बघा. 60 मिली बर्बन, चमचाभर साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्स या कडवट मसालेदार अर्काचे दोन शिंतोडे, मोठा बर्फ. चमच्याने अर्धा मिनिट ढवळा. वरून संत्र्याच्या सालीची पट्टी पिळा, म्हणजे सालीतलं तेल पेल्यात उडेल. नागपुरी संत्र्याचं साल सैल असतं, सहज निघतं आणि वासाला सुरेख. साखरेऐवजी मी गुळाचा पातळ पाक घालतो. बर्बनमधल्या काकवीशी तो चांगला जमतो.

बारमध्ये कसं मागायचं

बाटली बघायला मागा आणि टक्के वाचा. मग 30 मिली बर्बन, रिकाम्या ग्लासात, बर्फ न घालता मागवा. साधं, गार नसलेलं पाणी वेगळ्या ग्लासात आणि सोबत एक चहाचा चमचा. वेटर आपल्या सवयीने बर्फ किंवा सोडा ओतायला पुढे येईल, म्हणून ऑर्डर देतानाच सांगा, ‘दादा, पाणी मी घालतो.’