फाल्गुनातले पक्षीनिरीक्षण: इंदूरच्या तलावांवर या चुका टाळा

संक्रांतीच्या सुमारास सिरपूर तलावाच्या पाळीवर दुर्बीण लावायला जागा मिळत नाही. महाशिवरात्र उलटली की तिथे फक्त सकाळचे फिरायला येणारे उरतात. "बदकं गेली हो आता," असा निरोप पक्षीनिरीक्षकांच्या क्लबच्या ग्रुपवर फिरतो आणि दुर्बिणी कपाटात जातात. या मोसमातली सगळ्यात मोठी चूक हीच. बदके एका रात्रीत जात नाहीत. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांचे थवे मार्चमध्येही दिसतात आणि दक्षिणेकडून परतणारे काही वाटेत इथे उतरतात. पहिला थवा कधी आला ते सगळे हौसेने लिहितात. शेवटचा कधी गेला ते कोणीच लिहीत नाही. सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जागतिक पक्षीगणनेचे चार दिवस सगळे उत्साहाने मोजतात, पण पुढच्या महिन्याच्या नोंदी रिकाम्या राहिल्या तर पाखरे केव्हा परतली ते कसे कळणार?

"सगळे काळेच दिसतेय"

दोष बहुतेक वेळा दुर्बिणीचा नसतो, उभे राहण्याच्या जागेचा असतो. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ धरा. मार्चमध्ये ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग कितीही झूम केले तरी चित्र लुकलुकतच राहते. दूरचे पक्षी आधी मोजून घ्या, काठावरचे नंतर.

दुर्बीण खरेच धूसर दाखवत असेल तर उजव्या डोळ्याजवळची छोटी रिंग तपासा. क्लबची दुर्बीण दहा हातांतून फिरते आणि प्रत्येक जण ती रिंग नकळत हलवतो. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करा, मग डावा मिटून त्या रिंगने उजव्याचे. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवा, नाहीतर चित्राच्या कडा काळ्या दिसतात. एवढे करूनही एकाचे दोन पक्षी दिसत असतील, तर दुर्बीण कधीतरी पडली आहे. ती कारागिराकडेच द्यावी लागेल.

रंग बदलतोय, पक्षी तोच आहे

पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघणाऱ्यांची या दिवसांत सर्वाधिक फसगत होते. भोरडी या गुलाबी मैनेचेच घ्या. थंडीत तिच्या गुलाबी पिसांची टोके मळकट असतात. ती झिजत जातात तसा खरा गुलाबी रंग उघडा पडतो. त्यामुळे काटेसावरीवर किंवा पळसावर बसलेल्या एकाच थव्यात फिकट, मळके आणि झगझगीत असे सगळे नमुने सापडतात. त्यातल्या मळकट पिल्लांना घाईत भांगपाडी मैना म्हणून टाकू नका.

धोबी पक्ष्यांचेही तसेच. पिवळ्या डोक्याचा धोबी आणि पिवळा धोबी यांत डोक्याच्या पिवळेपणावर विसंबू नका, पाठ बघा. पहिल्याची पाठ राखाडी आणि पंखांवर ठळक पांढरे पट्टे, दुसऱ्याची हिरवट. यशवंतसागरला दुरून उडणारा राखी बगळा सारस म्हणून लिहिला जातो. बगळा मान दुमडून उडतो, सारस ताणून.

फोनवरच्या मर्लिन ॲपने आवाज ऐकून नाव सुचवले, तरी ते सुचवणेच समजा. कोतवाल पक्षी शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो आणि हरेवा पक्षी तर अनेकांच्या आवाजात बोलतो. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत घालू नये, असे माझे ठाम मत आहे. क्लबमधल्या तरुण मंडळींना ते पटत नाही.

यादीतले घोळ

एकाच सहलीच्या पाच जणांनी पाच वेगळ्या याद्या टाकल्या की चाळीस चक्रवाक बदके ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दोनशे होतात. लिहिणारा एकच ठेवा, बाकीच्यांनी ती यादी शेअर करून घ्यावी. आकड्याऐवजी नुसते "दिसला" म्हणून फुली मारण्याची सवय सोडा. मोठा थवा असेल तर दहा-दहाचे गट डोळ्यांनी आखून अंदाज बांधा. अंदाजी आकडाही फुलीपेक्षा कामाचा. साळुंकी आणि कावळे सोडून दिलेली यादी "पूर्ण" (म्हणजे ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेली) म्हणून पाठवणे ही चूक तर जवळपास सगळेच करतात.

आणखी एक: तलावावरून निघताना ईबर्ड ॲपमधला ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, बंद करा. तो चालूच राहिला तर राजवाड्यापर्यंतचा प्रवास यादीत चढतो आणि शहरातल्या लोकमान्यनगरच्या अंगणातला दयाळ पक्षी सिरपूरचा होऊन बसतो. चालतानाही एक यादी आठ किलोमीटरच्या आत संपवून नवी सुरू करावी.

घरट्यांच्या दिवसांत

तांबट पक्षी वाळक्या फांदीत भोक पाडायला लागले आहेत आणि पाणी उतरेल तसतशा टिटव्या उघड्या काठावर अंडी घालतील. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपावू लागली की फोटो राहू द्या. जिथून आलात त्याच वाटेने, खाली बघत, मागे फिरा. अंडी खड्यांसारखीच दिसतात. ढोलीतल्या पिंगळ्याला फोनवर आवाज लावून बाहेर काढणे बंदच करावे. घरट्याचे नेमके ठिकाण ग्रुपवर टाकू नका, "फक्त आपल्याच लोकांसाठी" म्हणूनही नाही.

सहल आखताना पंधरा माणसांच्या वर गेलात तर दोन तुकड्या करा आणि पोहे-जिलबी परतल्यावर ठेवा. तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. रंगपंचमीला शहरभर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी सगळे वेळेवर जमतील ही आशा इंदूरच्या माणसाने तरी धरू नये.